बक्षिसावरचं तोंड
(नालो हॉपकिन्सन यांच्या लेखनाविषयी)

२००२ साली एका काळ्या बाईला तिच्या कथासंग्रहाबद्दल बक्षीस मिळालं. 'वर्ल्ड फँटसी ॲवॉर्ड' हे त्याचं नाव. अद्भुत कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्यांच्या दुनियेत हे बक्षीस फार मोठं. त्यात त्या काळी एक पुतळा मिळायचा. नुसतं मानेपासून वरचं डोकं, लांबुळकं तोंड. तोंड कुणाचं? एच. पी. लव्हक्राफ्ट नावाच्या अमेरिकन लेखकाचं. हा गृहस्थ भयकथा लिहायचा. काळ्या माणसांविषयी त्यानं जे लिहून ठेवलंय ते वाचलं तर त्याच्या भयकथा मवाळ वाटतात. १९१२ साली त्यानं एक पद्यच रचलं. त्याचा आशय असा, की माणूस आणि जनावर यांच्यात जी फट राहिली ती भरायला काळा माणूस घडवला गेला. असलं तोंड घरी न्यायचं, फळीवर ठेवायचं, आणि पाहुण्यांना सांगायचं की हा बघा माझा सन्मान!

ती बाई म्हणजे नालो हॉपकिन्सन. आणि ही एकच गोष्ट नाही. त्याआधी १९९९ साली त्यांना नवोदित लेखकाचं बक्षीस मिळालं होतं, ते जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल या संपादकाच्या नावाचं. हा १९३७ पासून १९७१ ला मरेपर्यंत अमेरिकेतल्या विज्ञानकथेचा जणू पाटील. गुलामगिरी इतकी काही वाईट नव्हती, असं संपादकीयातून मांडणारा. सॅम्युएल डिलेनी या काळ्या लेखकाची कादंबरी त्यानं नाकारली. कारण काय, तर नायक काळा असलेला वाचकांना झेपणार नाही. हे खुद्द डिलेनींनीच पुढं लिहिलंय. तेव्हा हॉपकिन्सनबाईंच्या कारकिर्दीकडं बघताना बक्षिसांची यादी वाचून टाळ्या पिटायच्या की त्या बक्षिसांवर कुणाकुणाची तोंडं होती हे बघायचं? मला वाटतं दोन्ही. पण आधी पुस्तकं, मग बक्षिसं. आपल्याकडं उलटं करतात.

बाईंचा जन्म जमैकात किंग्स्टनला, डिसेंबर १९६० चा. बाप स्लेड हॉपकिन्सन मूळचे गयानाचे. कवी, नट, नाटककार आणि मास्तर. डेरेक वॉलकॉटच्या त्रिनिदादमधल्या नाटकमंडळीत ते कामं करायचे. आई लायब्ररीत कामाला. बिऱ्हाड पाठीवर: जमैका, त्रिनिदाद, गयाना, मध्ये थोडे दिवस अमेरिका, आणि १९७७ साली कॅनडातलं टोरांटो. सोळा वर्षांची पोर ऐन वयात बेटावरून बर्फात आली. पुढं लायब्ररीत नोकरी, मग कलामंडळाच्या कचेरीत अनुदानाचं काम. तिशी उलटल्यावर कथा लिहायला घेतल्या. १९९५ साली 'क्लॅरियन' नावाच्या लेखन-कार्यशाळेत गेल्या. वॉर्नर प्रकाशनानं पहिल्या कादंबरीसाठी स्पर्धा लावली होती, ती जिंकली, आणि १९९८ ला 'ब्राउन गर्ल इन द रिंग' छापून आली.

आता तुमच्यातला एखादा लगेच विचारील, की भाऊ, हे ग्रह-तारे, भुतं-खेतं, यंत्रमानव आपल्याला कशाला? आपलं साहित्य जगलेल्याचं. पोट भरलेल्यांचे हे चोचले. प्रश्न रास्त आहे, झटकून टाकायचा नाही. पण एक आठवा. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्यांची गुलामी मोडायला हात लावला. त्या पुस्तकात जोतीराव करतात काय? मत्स्य, कच्छ, वराह, वामन या पुराणातल्या अवतारांची कातडी सोलतात आणि आतून स्वाऱ्या-लुटालुटीचा इतिहास बाहेर काढतात. बळीराजा परत उभा करतात. ज्याला दप्तरात जागा मिळाली नाही त्याला आपला भूतकाळ कल्पनेनंच उभारावा लागतो; मग भविष्यकाळ का नाही उभारायचा? हॉपकिन्सनबाई हेच काम कादंबरीत करतात. फरक इतकाच, की त्यांच्यापुढं पुराण आहे ते गोऱ्यांच्या विज्ञानकथेचं. जहाजात बसा, परक्या भूमीवर उतरा, तिथल्या रहिवाशांना वठणीवर आणा, झेंडा रोवा. या गोष्टीत आपण जहाजावर कधीच नसतो. ज्यांच्या किनाऱ्याला जहाज लागतं ते आपण.

'ब्राउन गर्ल' मधलं टोरांटो असं : पैसेवाले, कारखानदार, पोलीस, सगळे शहराचा मधला भाग सोडून उपनगरात निघून गेलेत. उरलेत ते गरीब, त्यातही बेटांवरून आलेले काळे. तिथं सत्ता चालते रूडी नावाच्या गुंडाची, तो सी. एन. टॉवरच्या उंच मनोऱ्यातून राज्य करतो. दुसरीकडं ओंटारिओ प्रांताच्या मुख्यमंत्रीणबाईंचं हृदय निकामी झालंय. डुकराचं हृदय बसवता येतं, पण निवडणूक जवळ आलीय, आणि माणसाचं हृदय घेतलं तर मतं मिळतील असा सल्ला आहे. मग माणूस कुठून आणायचा? तिथूनच, जिथं मेलेल्याची चौकशी होत नाही. सुपारी रूडीकडं जाते. रूडी ती टोनी नावाच्या पोरावर सोपवतो. आणि टोनी जिचा जीव घेतो ती म्हातारी मामी ग्रो-जान, म्हणजे त्याच्या प्रेयसीची आजी. वस्तीतली वैदूबाई. नर्सिंग शिकलेली, झाडपाला जाणणारी, पैसे नसलेल्यालाही औषध देणारी.

गरिबाच्या देहाचे सुटे भाग करून वरच्याला बसवणं ही कल्पना आपल्याला समजावून सांगायला नको. मुंबई-मद्रासच्या दवाखान्यांतून किडन्या कुणाच्या गेल्या आणि कुणाला बसल्या हे आपण वर्तमानपत्रात वाचत आलोय. मला महत्त्वाचं वाटतं ते यापुढचं. म्हातारीचं काळीज मुख्यमंत्रीणबाईंच्या छातीत बसतं आणि ते आतून त्यांचा ताबा घेतं. शुद्धीवर आल्यावर बाई वेगळंच बोलायला लागतात. उजाड वस्ती उभी करायची, तिथल्या लहान धंदेवाल्यांना मदत द्यायची!

मित्रहो, आपल्या भाषेत याला एक जुना शब्द आहे : हृदयपरिवर्तन. गांधींनी तो इतका वापरला की त्याची धार पार बोथट झाली. सवर्णांचं हृदय बदलेल, तोवर थांबा. हॉपकिन्सनबाईंनी हा शब्द ऐकलाही नसेल, पण त्यांनी तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेतला. सत्ताधाऱ्याचं हृदय बदलतं, हो, बदलतं; छाती फाडून तिथं वस्तीतल्या बाईचं बसवलं तर. आणि त्यासाठी ती बाई मरावी लागते. मी हे उपहास म्हणून वाचतो. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर कादंबरी स्वतः ते तसं वाचत नाही. शेवटी शेवटी ती मऊ पडते. मुख्यमंत्रीण सुधारली, आता बरं होईल, असा सूर लागतो. वस्तीतली माणसं एकत्र येऊन काही मिळवतात, हे दिसत नाही. इथं मी बाईंशी भांडतो.

दुसरं भांडण देवांवरून. कादंबरीची नायिका टी-जान. तिच्या आजीच्या घरी पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या देवता पुजल्या जातात. त्या अंगात येतात. शेवटच्या लढाईत टी-जान त्या मनोऱ्यात उभी राहून त्यांनाच हाक मारते. आपण १९५६ साली नागपुरात या सगळ्याला रामराम ठोकला. (हा वाक्प्रचारसुद्धा कसा जिभेला चिकटून बसलाय बघा.) पोतराजाचा आसूड, मुरळीचा भंडारा, देवऋष्याचा उतारा, ज्या देवांनी आपल्याला गावकुसाबाहेर बांधून ठेवलं त्यांची आठवण आपल्याला गोड वाटायचं कारण नाही. मग एक काळी बाई अंगात येण्याला मुक्ती म्हणते, तेव्हा आपण काय म्हणायचं?

घाईनं निवाडा देऊ नये. कॅरिबियन बेटांवर मळेवाल्याचा धर्म ख्रिस्ती होता. गुलामांचा धर्म चोरून पाळायचा होता. जमैकात १७६० साली टॅकीच्या नेतृत्वाखाली गुलामांचं बंड झालं, आणि लगोलग 'ओबिया' म्हणजे गुलामांची मंत्रविद्या गुन्हा ठरवणारा कायदा आला. त्रिनिदादमध्ये 'शाउटर' नावाच्या काळ्यांच्या पंथावर १९१७ पासून १९५१ पर्यंत बंदी होती. तिथं ढोल वाजवणं हेच बंड होतं. आपल्याकडं उलट : आपल्या माथी जे देव होते ते मालकाच्याच हिशेबवहीतले. तेव्हा त्यांच्या देवांना आपल्या मोजपट्टीनं मोजू नका, आणि त्यांचं बघून आपल्या गाडलेल्या म्हसोबाला उकरूनही काढू नका. तरी माझा आक्षेप शिल्लक राहतोच. देव येऊन खलनायकाला संपवतात तेव्हा कादंबरीतलं राजकारण अर्ध्यावर सुटतं. हे त्यांच्याकडं काय नि आपल्याकडं काय, सारखंच.

पण २००० साली बाईंनी जी दुसरी कादंबरी लिहिली, 'मिडनाइट रॉबर', तिच्यापुढं हे आक्षेप गळून पडतात. माझ्या मते हेच त्यांचं सर्वांत थोर पुस्तक. ह्यूगो आणि नेब्युला दोन्हींच्या अंतिम यादीत आलं, बक्षीस नाही मिळालं. (नेमकं चांगल्या पुस्तकालाच नाही मिळालं, याचं नवल वाटायला नको.)

कॅरिबियन लोकांनी एक अख्खा ग्रह वसवलाय. त्याचं नाव टूसाँ. हैतीच्या गुलामांचा सेनानी टूसाँ लूव्हर्त्यूर, त्याचं नाव. आफ्रिकी, हिंदुस्थानी, चिनी, मूळ रहिवासी, गोरे, सगळ्यांच्या रक्ताची सरमिसळ झालेली माणसं. इथं थोडं थांबतो. या बेटांवर आपल्याकडचीही माणसं नेली गेली. १८३८ पासून गयानाला, १८४५ पासून त्रिनिदाद-जमैकाला, १९१७ पर्यंत; बहुतेक बिहार-संयुक्त प्रांतातली आणि मद्रासकडची, गिरमिटावर, उसाच्या मळ्यात. गुलाम सुटले म्हणून त्यांच्या जागी हे आणले. त्यांत खालच्या जातींचे कितीतरी. तेव्हा त्या ग्रहावरच्या गर्दीत आपलंही कुणी लांबचं नातलग आहे, एवढं ध्यानात ठेवून पुस्तक वाचावं.

तर त्या ग्रहाचा सगळा कारभार एक महायंत्र बघतं. गोऱ्यांच्या विज्ञानकथेत असल्या यंत्राला आकडे नाहीतर ग्रीक देवांची नावं असतात. इथं ते 'ग्रॅनी नॅनी', नॅनी आजी. मळ्यातून पळालेल्या, डोंगरात राहून इंग्रजांशी लढलेल्या जमैकाच्या मरून लोकांची अठराव्या शतकातली पुढारी नॅनी, तिचं नाव. घरातल्या यंत्रसेवकाचं नाव एशू, आफ्रिकी देवतेवरून. म्हणजे पहिल्या कादंबरीत अंगात येणारे देव इथं तारा-चकत्यांत शिरले. देवाचं यंत्र करून टाकलं! मला ही युक्ती फार आवडली.

नायिका टॅन-टॅन. तिचा बाप अँटोनिओ तिथला मेयर. खून करून मुलीला घेऊन पळतो, आणि दोघं जातात त्या ग्रहाच्या जुळ्या, जंगली ग्रहावर, जिथं तडीपारांना टाकलं जातं. तिथले मूळ रहिवासी म्हणजे दूएन. आणि हे तडीपार, ज्यांचे पूर्वज गुलाम होते, ते दूएनांना काय वागवतात? नोकरासारखं. पोऱ्या म्हणून हाक मारतात. बाईंनी इथं स्वतःच्या लोकांवर बोट ठेवलं. तुडवला गेलेला संधी मिळताच दुसऱ्याला तुडवतो. आपल्यातही महार-मांग-चांभार-मेहतर ही उतरंड घराघरात आहे, आणि मोर्च्यात एकत्र घोषणा देणारे सोयरिकीच्या वेळी काय करतात हे मी लिहायला नको.

त्याहून धाडसाचं पुढं आहे. बाप मुलीवर बलात्कार करतो. नऊ वर्षांची असल्यापासून. सोळाव्या वाढदिवशी तसाच अंगावर आला असताना ती त्याला चाकूनं संपवते आणि रानात पळते, पोटात त्याचंच मूल घेऊन. काळ्या पुरुषाला राक्षस म्हणून रंगवणं हा गोऱ्यांचा जुना धंदा. त्या भीतीनं अनेकजण गप्प राहिले. बाई गप्प राहिल्या नाहीत. घरातली गोष्ट बाहेर काढली तर चळवळीची बदनामी होते, असं आपल्या सभांतूनही बायकांना ऐकवलं जातं. ऐकवणाऱ्यांनी हे पुस्तक वाचावं.

पळालेली टॅन-टॅन जगते कशी? 'मिडनाइट रॉबर' होऊन. त्रिनिदादच्या कार्निव्हलमध्ये हे एक सोंग आहे. भली मोठी झालरीची टोपी, काळा झगा, आणि तोंडाला सुटलेली फुशारकीची पल्लेदार भाषा. मी असा जन्मलो, असा पळवला गेलो, असा परत आलो, टाक पैसे! टॅन-टॅन हे सोंग घेऊन अन्याय करणाऱ्याला चव्हाट्यावर आडवते. शेवटी तिची सावत्र आई तिला गाठते तेव्हा चाकू नाही चालत. चालतं ते रॉबरचं भाषण. सगळ्या गावासमोर ती बापानं काय केलं ते सांगते. जन्मलेल्या मुलाचं नाव टबमन, गुलामांना पळवून नेणाऱ्या हॅरिएट टबमनवरून.

आता भाषा. पहिल्या कादंबरीत पात्रं बेटावरची बोली बोलतात आणि लेखिका शुद्ध इंग्रजीत कथा सांगते. हे आपल्या ओळखीचं आहे. मराठी ग्रामीण कादंबरीनं वर्षानुवर्षं हेच केलं : पात्र म्हणतं 'आलू', लेखक म्हणतो 'तो आला'. म्हणजे लेखक ओसरीवर आणि पात्र अंगणात. 'मिडनाइट रॉबर' मध्ये बाईंनी ओसरीच पाडली. सांगणारा आवाजच बोलीत बोलतो. त्रिनिदादी आणि जमैकन मिसळलेल्या बोलीत, जी कुठल्या एका बेटाची नाही, तिच्या ग्रहाची आहे. शब्दांचे अर्थ तळटीपेत दिले नाहीत. गोऱ्या वाचकाला लागत असेल तर त्यानं कष्ट करावेत. 'गोलपिठा' आला १९७२ साली, तेव्हा शब्दार्थ मागणारे मराठीतही निघालेच होते.

'द सॉल्ट रोड्स' (२००३) विषयी थोडक्यात. तीन काळांतल्या तीन बायका : हैतीच्या मळ्यातली गुलाम सुईण, पॅरिसमध्ये कवी बोदलेरची रखेल म्हणून इतिहासात उरलेली जान दुव्हाल, आणि जुन्या अलेक्झांड्रियातली एक वेश्या. तिघींतून फिरणारी एक देवता. दुव्हालचा भाग अस्सल उतरलाय. बोदलेरच्या चरित्रांत जी तळटीप होती ती इथं माणूस होते. बाकी पुस्तक विखुरतं. २००४ साली उप्पिंदर मेहन यांच्यासोबत बाईंनी 'सो लाँग बीन ड्रीमिंग' हा संग्रह काढला, वसाहतीखाली भरडलेल्या मुलखांतल्या लेखकांच्या विज्ञानकथांचा. ऑड्री लॉर्डचं ते प्रसिद्ध म्हणणं आपल्यालाही माहीत आहे, की मालकाच्या हत्यारांनी मालकाचं घर मोडत नसतं. हॉपकिन्सन प्रस्तावनेत त्याला वेगळं उत्तर देतात. सारांश असा, की हत्यारं माझ्या हातात आलीत, आधी या घरात भरपूर दुरुस्त्या करीन आणि मग माझं घर बांधीन. दुरुस्ती की मोडतोड, हा वाद आपण आपसात घालायचा आहेच.

आता परत बक्षिसांकडं. २००८ पर्यंत कॅनडातले 'सनबर्स्ट' आणि 'ऑरोरा' हे सन्मानही झाले. आणि त्याच सुमारास बाई आजारी. रक्तक्षय, अंगदुखीचा चिवट रोग, लिहवेना. उत्पन्न थांबलं, घर गेलं, काही काळ या ओळखीच्याकडून त्या ओळखीच्याकडं. जागतिक कीर्तीची लेखिका, आणि डोक्यावर छप्पर नाही! पुतळा कितीही जड असला तरी त्यावर भाडं भरता येत नाही. २०११ साली कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडच्या विद्यापीठात नोकरी लागली तेव्हा संसार रुळावर आला. त्याच पडत्या काळात, २०१० साली, फ्लोरिडातल्या एका परिषदेत प्रमुख पाहुण्या म्हणून त्यांनी भाषण केलं ते सोंग घेऊन : परग्रहावरची एक राजदूत बाईंच्या अंगात आलीय आणि गोरे लोक वंशाविषयी जी गुळगुळीत वाक्यं बोलतात त्यांचा अर्थ तिला लागत नाही, म्हणून ती सभेलाच विचारते. समोर बसलेले तेच लोक. मिडनाइट रॉबरच तो, फक्त व्यासपीठावर.

आणि तोंडं? २०११ साली लव्हक्राफ्टचं डोकं नायजेरियन-अमेरिकन लेखिका न्नेडी ओकोराफोर यांना मिळालं. त्यांनी उघड लिहिलं की हे मला सलतं. २०१४ साली सह्यांची मोहीम झाली. २०१५ साली डोकं बंद झालं. आता झाड आणि चंद्र असलेलं चिन्ह देतात. कॅम्पबेलचं नाव २०१९ साली उतरलं; डब्लिनला जीनेट इंग या लेखिकेनं बक्षीस घेताना व्यासपीठावरूनच त्याला फॅसिस्ट म्हटलं, आणि काही दिवसांत नाव बदललं. आपोआप काही झालं नाही. बोलावं लागलं. हॉपकिन्सनबाई स्वतः १९९९ साली सुरू झालेल्या 'कार्ल ब्रँडन सोसायटी'च्या संस्थापकांपैकी. विज्ञानकथेत काळ्या-सावळ्या लेखकांना जागा मिळावी म्हणून ती संस्था झगडत आली.

२०२० च्या अखेरीस अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेनं त्यांना 'ग्रँड मास्टर' जाहीर केलं. सदतिसाव्या. हा मान मिळवणारी पहिली काळी स्त्री, आणि सगळ्यांत कमी वयाची. (गुलामांच्या लेकीला 'मास्टर' म्हणायचं, हे त्या संघटनेला सुचलं तेव्हा कुणाला हसू आलं नसेल का?) ऑक्टेव्हिया बटलर २००६ साली वारल्या, हा मान न मिळताच. तेव्हा 'पहिली' हा शब्द वाचताना मागच्या रिकाम्या खुर्चीकडंही बघावं. पुढं बाई कॅनडात परतल्या, व्हँकुव्हरच्या विद्यापीठात लेखन शिकवू लागल्या. २०२२ ला एका कथेसाठी 'स्टर्जन' बक्षीस, २०२४ ला बरीच वर्षं अडलेली 'ब्लॅकहार्ट मॅन' ही कादंबरी.

एक काम मात्र आपल्यापैकी कुणीतरी अंगावर घ्यावं. 'मिडनाइट रॉबर' मराठीत आणायचं. प्रश्न पडेल तो भाषेचा. पुण्याच्या प्रमाण मराठीत आणली तर पुस्तक मेलं. एका जिल्ह्याच्या बोलीत आणली तरी चुकलं, कारण मूळची बोली एका बेटाची नाही. मला वाटतं, विदर्भ-मराठवाडा-कोकणातून माणसं येऊन मुंबईच्या चाळीत जी एक मिसळलेली बोली झाली, तिथून सुरुवात करावी. आणि रॉबरच्या भाषणांसाठी आंबेडकरी जलशातल्या सवाल-जवाबाची ठसकेबाज लय वापरून बघावी. पहिलं पान जो करील त्यानं ते या अंकाच्या पत्त्यावर पाठवावं, स्टेन्सिल आम्ही कापू.